‘खोली खाली करा’ म्हटल्यावर काय करावे: पुण्यातील भाडेकरूंसाठी सविस्तर मार्गदर्शन

दत्तवाडीतल्या एका गल्लीत राहणाऱ्या ताई रविवारी संध्याकाळी चार घरांचा स्वयंपाक उरकून परतल्या, तेव्हा त्यांच्या खोलीच्या दाराला दुसऱ्याचेच कुलूप होते. आत गॅस, धान्याचे डबे, दोन मुलींची दप्तरे आणि रेशनकार्ड राहिले होते. हातात फक्त मोबाइल आणि रिकामा डबा होता. सहा वर्षे त्यांनी दर महिन्याच्या पाच तारखेला रोख भाडे दिले होते, पण त्याची एकही पावती त्यांच्याकडे नव्हती. दाराच्या मागे टांगलेल्या दिनदर्शिकेवर मात्र दुधाच्या हिशेबाशेजारी ताई भाड्याची रक्कम लिहीत आणि तिथेच घरमालकाची सही घेत. ती दिनदर्शिकाही कुलपाच्या आतच होती. धाकट्या मुलीच्या वाढदिवसाला मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत, केकच्या मागे, ती दिनदर्शिका सह्यांसकट स्पष्ट दिसत होती. चौकीत बोलणे पुढे सरकले ते त्या फोटोमुळे.

वस्तीतल्या माणसांबरोबर चौकी, कोर्ट आणि महापालिकेच्या कार्यालयात जाताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. गरीब भाडेकरूचे घर बहुतेक वेळा न्यायाधीशाच्या हुकमाने जात नाही. ते कुलपाने, तोडलेल्या पाण्याने, चार माणसे घेऊन दारात आलेल्या मालकाच्या आवाजाने आणि ‘कागद नाही म्हणजे हक्क नाही’ या समजुतीने जाते. ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्रात कागद करून देण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणालाही राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. तरीही हा हक्क वेळेवर उपयोगी पडायचा असेल, तर आपण इथे राहतो आणि आपण भाडे भरतो, या दोन गोष्टींचा पुरावा वाद सुरू होण्याआधी हाताशी असावा लागतो.

पहिली पायरी: आपण नेमके कोण आहोत, हे ओळखणे

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘भाडेकरू’ म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत सगळे सारखे नसतात, आणि कोणाला किती संरक्षण मिळते हे त्यावरूनच ठरते.

भाडेकरूंना मुख्य आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याचा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. चाळीत, वाड्यात किंवा एखाद्याच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दरमहा भाडे देऊन राहणारा माणूस या कायद्याखाली भाडेकरू ठरू शकतो, मग करार तोंडी असला तरी. त्याच्याविरुद्ध मालकाला कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांवरच, आणि तेही कोर्टात दावा लावूनच, ताबा मागता येतो. भाडे थकणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, खोली परस्पर दुसऱ्याला भाड्याने देणे, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने ती न वापरणे, मालकाला स्वतःला खरोखर गरज असणे, ही त्यांतली नेहमी पुढे येणारी कारणे आहेत. ‘मला जास्त भाडे देणारा मिळाला’ हे कारण त्या यादीत नाही. भाडेवाढीलाही मर्यादा आहे. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, म्हणजे ५,००० रुपयांचे भाडे पुढच्या वर्षी ५,२०० होऊ शकते, ७,००० नव्हे. याशिवाय दुरुस्तीसाठी वा सुधारणांसाठी कायद्याने मान्य केलेली वाढ वेगळी असते.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या कराराचा. पुण्यात आज बहुतेक लेखी करार याच प्रकारचे असतात आणि ते ११ महिन्यांचेच असतात, असे अनेकांना वाटते. करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रापुरती तरी पूर्णपणे चुकीची आहे, कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. या प्रकारात राहणाऱ्यांनी एक कटू गोष्ट आधीच समजून घ्यावी: मुदत संपल्यावर खोली सोडावीच लागते. सोडली नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. तरीसुद्धा दाराला कुलूप लावण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. त्यालाही प्राधिकाऱ्याचा हुकूम आणावाच लागतो.

तिसरा प्रकार झोपडपट्टीतल्या भाडेकरूंचा. जनता वसाहत, ताडीवाला रोड, लोहियानगर किंवा येरवड्याच्या वस्त्यांमध्ये अनेक झोपड्यांचा ‘मालक’ दुसरीकडे राहतो आणि खोली भाड्याने चालवतो. घोषित झोपडपट्टी क्षेत्रात राहणाऱ्याला बाहेर काढण्याचा दावा लावायचा असेल, तर १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. आपली वस्ती घोषित आहे का, हे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या पुणे कार्यालयात अर्ज देऊन विचारावे. पुनर्वसनाचे सर्वेक्षण होते तेव्हा घरात प्रत्यक्ष कोण राहते याची नोंद घेतली जाते. त्या दिवशी घरात कोणीतरी असावे, आणि आपण तिथे राहतो हे सांगताना घाबरू नये.

बांधकामावरच्या मजुरांच्या किंवा सोसायटीतल्या वॉचमनच्या खोलीचा हक्क बहुतेकदा नोकरीला बांधलेला असतो. तिथे घराइतकेच लक्ष थकलेल्या पगाराकडे द्यावे आणि दोन्हीची तक्रार एकदमच करावी.

दुसरी पायरी: भांडण नसताना कागद जमवणे

एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्यावी आणि पुढे सांगितलेल्या गोष्टी तीत ठेवाव्यात. ती खोलीत ठेवू नये. बहिणीकडे, कामाच्या ठिकाणी किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवावी. कुलूप लागते तेव्हा कागदच आत अडकतात, हा अनुभव सगळीकडचा आहे. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवावा.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे भाडेपावती. भाडे घेतल्यावर लेखी पावती देणे हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे आणि ती न देणे हा दंडनीय गुन्हा आहे. हे खरे असले तरी हातावर पोट असलेला माणूस मालकाला कायद्याचे कलम ऐकवू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणून सोपे मार्ग वापरावेत. शक्य असेल तर भाडे मोबाइलवरून मालकाच्या खात्यात पाठवावे आणि शेरा म्हणून ‘जून महिन्याचे खोलीभाडे’ असे लिहावे. मालक रोखच मागत असेल, तर दहा रुपयांची छोटी वही करावी, तारीख आणि रक्कम लिहून तिथेच सही घ्यावी. सहीलाही तो तयार नसेल, तर भाडे दिल्यावर लगेच त्याला संदेश पाठवावा, ‘काका, आज जूनचे ५,००० रुपये दिले, मिळाले ना?’ त्यावर ‘हो’ असे उत्तर आले, तर तोही पुरावाच आहे. भाडे देताना शेजारच्या कोणाला तरी बरोबर न्यावे. मालकाच्या मुलाकडे किंवा एजंटाकडे पैसे दिले असतील, तर कोणाकडे दिले तेही लिहून ठेवावे.

डिपॉझिटच्या बाबतीत पुण्यात लोक सर्वांत जास्त फसतात. दहा, वीस, तीस हजार रुपये मंगळसूत्र गहाण ठेवून किंवा बचतगटातून कर्ज काढून दिलेले असतात आणि त्याची साधी चिठ्ठीही नसते. डिपॉझिट रोख देऊच नये. द्यावेच लागले तर ‘अमुक खोलीसाठी परत करण्याच्या बोलीवर अनामत रक्कम मिळाली’ असे एका ओळीचे का होईना, लिहून घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, आणि मोबाइलवर ती फिरत असते. पण तो कायदा हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्याच्या भरवशावर मालकाशी वाद घालायला जाऊ नये.

राहत असल्याचे पुरावे बरेच असू शकतात. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचा केसपेपर, गॅसची पावती, बँकेचे पासबुक, टपालाने आलेले कोणतेही पत्र, मतदार ओळखपत्र, पोलिसांकडे केलेली भाडेकरू नोंदणी, हे सगळे उपयोगी आहे. विजेचे बिल मालकाच्या नावावर असले आणि आपण सबमीटरप्रमाणे पैसे देत असलो, तरी दर महिन्याला त्या मीटरचा फोटो काढून ठेवावा.

करार नोंदवायचा असेल, तर खर्चाची भीती बाळगू नये. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते आणि ते एकूण भाड्यावर आकारले जाते. परत मिळणारे डिपॉझिट असेल, तर त्यावर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कमही त्यात मिळवतात. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे. करार ऑनलाइन होतो. एजंट याच्या दुप्पट-तिप्पट पैसे मागतात, म्हणून हिशेब विचारावा.

आणि करार नसेलच, तर कलम ५५ मधली एक तरतूद लक्षात ठेवावी. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. करार न नोंदवल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, ही शिक्षाही मालकालाच आहे. वस्तीत ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोकांचा चटकन विश्वास बसत नाही, कारण आयुष्यभर त्यांनी याच्या उलट ऐकलेले असते.

तिसरी पायरी: ‘महिनाअखेर खोली सोड’ असे सांगितले तर

प्रथम हो म्हणू नये आणि भांडूही नये. ‘तुम्ही लेखी द्या, मी घरच्यांशी बोलून सांगते’ एवढेच म्हणावे. कोऱ्या कागदावर, स्टँपपेपरवर किंवा ‘मी स्वखुशीने खोली सोडत आहे’ अशा मजकुरावर सही वा अंगठा देऊ नये, मग समोर वडीलधारे असोत, नगरसेवकाचा माणूस असो वा पोलिस असो. अशी एक सही सहा वर्षांच्या पावत्या निकामी करू शकते. किल्लीही देऊ नये.

काय बोलणे झाले, केव्हा झाले, कोण हजर होते, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. धमकीचे फोन आले तर ते जपून ठेवावेत.

अनेकदा मालक एकाएकी भाडे घेणेच थांबवतो. भाडेकरूला वाटते, बरे झाले, या महिन्यात मुलांची फी भरता येईल. पण मालकाचा हेतू वेगळा असू शकतो: तीन-चार महिने गेले की ‘भाडे थकले’ म्हणून नोटीस देता येते. म्हणून नकार मिळाला की त्याच आठवड्यात पत्र पाठवावे. वकील लागत नाही. साध्या कागदावर इतके लिहिले तरी पुरे:

‘मी आपल्या मालकीच्या अमुक पत्त्यावरील खोलीत अमुक सालापासून दरमहा अमुक रुपये भाड्याने कुटुंबासह राहत आहे. अमुक तारखेला मी अमुक महिन्याचे भाडे देण्यास आले असता आपण ते घेण्यास नकार दिला. मी भाडे देण्यास तयार होते व आजही तयार आहे. आपला बँक खात्याचा तपशील कळवावा, म्हणजे रक्कम त्वरित जमा करते.’

खाली सही, तारीख आणि मोबाइल क्रमांक लिहून पत्राची प्रत ठेवावी, मूळ पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोस्टाची पावती त्या पिशवीत टाकावी. मालकाने पत्र घेतले नाही आणि पाकीट परत आले, तर ते न फोडता तसेच ठेवावे. बंद पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा कोर्टात उपयोगी पडतो. भाड्याचे पैसे मात्र बाजूलाच ठेवावेत. ते खर्च झाले की या पत्रातला सगळा जोर जातो. हे सांगणे सोपे आहे आणि पाळणे फार अवघड, हे मला ठाऊक आहे. घरात आजारपण निघाले की सर्वांत आधी हेच पैसे जातात. तरी जमेल तितके वेगळ्या खात्यात टाकावेत.

याच टप्प्यावर मोफत वकिलासाठी अर्ज करावा. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत वकील मिळतो. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. मोलकरीण संघटना, कष्टकरी पंचायत अशा संघटनांचे सभासद असाल, तर त्यांनाही लगेच कळवावे. अशा कामात एकट्याने गेलेल्या बाईला चौकीत बाकावर बसवून ठेवतात, पाच जणी गेल्या की खुर्च्या मिळतात.

चौथी पायरी: कुलूप लागले, पाणी तोडले, सामान बाहेर फेकले तर

हा दिवस सर्वांत वाईट असतो आणि याच दिवशी सर्वांत जास्त चुका होतात. स्वतः कुलूप तोडू नये. तोडले की मालक चोरीची आणि तोडफोडीची तक्रार घेऊन आपल्या आधी चौकीत पोचतो.

आधी फोटो आणि व्हिडिओ घ्यावेत. कुलूप, दारावरचा क्रमांक, बाहेर पडलेले सामान आणि आजूबाजूची माणसे त्यात यावीत. मग ११२ वर फोन करावा. त्या फोनची नोंद राहते आणि ‘अमुक वेळी आम्ही तक्रार केली होती’ हे पुढे दाखवता येते. पोलिस आल्यावर किंवा चौकीत गेल्यावर बहुधा एक वाक्य ऐकावे लागेल, ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा.’ मालकी आणि भाड्याचा वाद दिवाणी आहे, हे बरोबर आहे. पण राहत्या घरात जाण्यापासून माणसाला अडवणे, बेकायदा घरात शिरणे, सामानाची नासधूस आणि धमकी हे गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेत ते अनुक्रमे कलम १२६, ३२९, ३२४ आणि ३५१ मध्ये आहेत. तक्रार तोंडी सांगून परत येऊ नये. लेखी द्यावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. तक्रारीत ‘मालकाने त्रास दिला’ असे मोघम लिहू नये. ‘कोर्टाच्या कोणत्याही हुकमाशिवाय माझ्या राहत्या खोलीला कुलूप लावले, आत माझे अमुक अमुक सामान, औषधे आणि मुलांची पुस्तके अडकली आहेत’ असे नेमके लिहावे. गुन्हा नोंदवण्यास नकार मिळाला, तर तीच तक्रार वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांना टपालाने पाठवता येते आणि तरीही दखल घेतली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

त्या ताईंच्या बाबतीत रात्री दहाच्या सुमारास मालकाला चौकीत बोलावले गेले, त्याच्यासमोर तो वाढदिवसाचा फोटो ठेवला गेला आणि कुलूप निघाले. दर वेळी असे होईलच, असे नाही. म्हणून पुढचा रस्ता माहीत असावा.

संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्गाशिवाय ज्याला घराबाहेर काढले, त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालकी कोणाची याची चर्चा होत नाही, कालपर्यंत तिथे कोण राहत होते आणि त्याला कसे काढले, एवढेच पाहिले जाते. मुदत मात्र सहा महिन्यांची आहे, आणि ती ‘आज बघू, उद्या बघू’ करण्यात निघून जाते. अजून बाहेर काढलेले नाही पण काढण्याची भीती आहे, अशा वेळी वकिलामार्फत मनाई हुकूम मागावा. मालकच आधी कोर्टात जाऊन एकतर्फी हुकूम आणेल अशी शंका असेल, तर कॅव्हेट दाखल करून ठेवावे. ते ९० दिवस चालते आणि तेवढ्या काळात आपल्याला कळवल्याशिवाय अंतरिम हुकूम होत नाही.

पाणी किंवा वीज तोडली असेल, तर भाडेकरूसाठी भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ आहे. पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा बंद करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि सेवा पूर्ववत करण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकते. विजेच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ प्रमाणे वीजजोड मागण्याचा हक्क मालकाबरोबर कब्जेदारालाही आहे. मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. महावितरणच्या कार्यालयात अर्ज देताना याचा उल्लेख करावा.

पाचवी पायरी: नोटीस किंवा समन्स आले तर

नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. ती वकिलाने लाल अक्षरांत आणि इंग्रजीत लिहिलेली असली तरी तिच्यामुळे घर जात नाही. पण तिला उत्तर द्यावेच.

भाडे थकल्याच्या कारणावरून दावा लावायचा असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावे लागते. या ९० दिवसांत थकबाकी भरली तर प्रश्न तिथेच मिटू शकतो. तेव्हाही जमले नाही आणि दावा लागलाच, तर कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवसांची संधी आहे. त्या मुदतीत सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरली, पुढचे भाडे दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर घर खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही.

आकडा ऐकून लोक घाबरतात, म्हणून हिशेब करून दाखवतो. भाडे ६,००० रुपये आहे आणि चार महिने थकले आहेत असे समजा. मुद्दल २४,००० झाले. ६,००० रुपयांवर १५ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ७५ रुपये होते. पहिल्या हप्त्याला चार महिने झाले, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि चौथ्याला एक, म्हणजे दहा महिन्यांचे व्याज ७५० रुपये. एकूण २४,७५० रुपये आणि दाव्याचा खर्च. रक्कम मोठी आहेच, पण नवे डिपॉझिट, एजंटाची एका महिन्याची दलाली, टेंपोचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी यांची बेरीज करून पाहिली, तर खोली वाचवणे अनेकदा स्वस्त पडते.

बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, समन्स घेऊन आला तर दार लावून घेऊ नये. समन्स नाकारले तरी ते बजावले असेच धरले जाते आणि एकतर्फी निकाल लागतो. समन्स घ्यावे, मिळाल्याची तारीख त्यावर लिहावी आणि दिवस मोजायला सुरुवात करावी. पुण्यात घरमालक-भाडेकरू यांचे दावे शिवाजीनगरच्या लघुवाद न्यायालयात चालतात. तिथे लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, द्यावी लागते आणि त्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. लिव्ह अँड लायसन्सच्या प्रकरणात सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आले, तर ३० दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य धरून थेट हुकूम होतो. ‘तारखेला जाऊन साहेबांना तोंडी सांगू’ म्हणणाऱ्या कितीतरी कुटुंबांची घरे इथेच गेली आहेत.

मालकाने स्वतःच्या गरजेचे कारण दिले असेल, तर हुकूम दिल्याने कोणाला जास्त हालअपेष्टा होतील हे कोर्टाला पाहावे लागते. तेव्हा ‘आम्ही कुठे जाणार’ एवढे सांगून भागत नाही. कुठे कुठे खोल्या पाहिल्या, काय भाडे सांगितले, जात, धर्म किंवा एकटी बाई म्हणून कोणी नाकारले का, मुलांची शाळा किती दूर पडेल, घरातल्या आजारी माणसाचे उपचार कुठे चालू आहेत, याची टिपणे आणि कागद द्यावेत.

एकतर्फी निकाल होऊन गेला असेल, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज साधारण ३० दिवसांत करावा लागतो. त्यामुळे कळल्या दिवशीच वकिलाकडे जावे.

नवरा सोडून गेला आणि मालक म्हणतो ‘करार त्याच्या नावावर होता’, अशा स्त्रियांसाठी वेगळा आधार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भाड्याचे घरही सामायिक घर मानले आहे, आणि न्यायदंडाधिकारी नवऱ्याला त्या घराचे वा पर्यायी घराचे भाडे देण्याचा आदेश देऊ शकतात.

सहावी पायरी: महापालिकेची नोटीस आली तर

कसबा, शुक्रवार, नाना अशा जुन्या पेठांतल्या वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक म्हणून नोटिसा लागतात. भिंत खरोखर खचली असेल तर जीव महत्त्वाचा, तिथे हट्ट करू नये. पण खोली सोडली म्हणून भाडेकरूपणाचा हक्क सोडला असे होत नाही. बाहेर पडण्यापूर्वी आपल्या जागेचे मोजमाप, सर्व बाजूंचे फोटो, भाडेकरूंची नावानिशी यादी आणि नव्या इमारतीत जागा देण्याबाबत मालकाचे किंवा बिल्डरचे लेखी म्हणणे घ्यावे. मोजमाप आणि यादीची नोंद महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन करून ठेवावी.

अनधिकृत बांधकाम म्हणून पाडकाम होणार असेल, तर १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरच्या आणि रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशय यांच्यालगतच्या अनधिकृत बांधकामांना मात्र हे निर्देश लागू नाहीत. पुण्यात नेमक्या याच जागांवर सर्वांत गरीब माणसे राहतात, हे लिहिताना वाईट वाटते. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबील ओढ्याच्या काठी भर पावसाळ्यात घरे पाडायला सुरुवात झाली, आणि न्यायालयाची स्थगिती मिळेपर्यंत अनेक घरे पडून गेली होती. म्हणून अशा जागी राहणाऱ्यांनी मोजणीवाले दिसले की लगेच वकील गाठावा, नोटिशीची वाट पाहू नये. ही नोटीस मालकाच्या नावाने निघते आणि तो ती भाडेकरूला दाखवत नाही, तेव्हा दारावर काय चिकटवले आहे, हे रोज पाहावे.

सातवी पायरी: खोली सोडावीच लागली तर

सोडायचेच ठरले, तर तारीख लेखी ठरवावी. मुलांची वार्षिक परीक्षा होईपर्यंत दोन महिने थांबण्याची सवलत बरेच मालक देतात, मागितली तर. डिपॉझिट हातात आल्यावरच किल्ली द्यावी. मालकाने रंगाचे वा दुरुस्तीचे पैसे कापले, तर हिशेब लिहून मागावा. रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढावा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि शेवटचे बिल भरल्याची नोंद ठेवावी.

रेशनकार्ड दुसऱ्या भागात गेल्यामुळे बंद पडत नाही, धान्य शहरातल्या दुसऱ्या दुकानातूनही घेता येते. मुलांना जवळच्या महापालिका शाळेत दाखल करताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. रात्र काढायलाही जागा नसेल, तर महापालिकेचे बेघरांसाठीचे रात्रनिवारे आहेत. क्षेत्रीय कार्यालयात किंवा जवळच्या चौकीत त्यांची चौकशी करावी, आणि बरोबर स्त्रिया व मुले असतील तर त्यांच्यासाठी वेगळी सोय कुठे आहे हे आधी विचारून मगच निघावे.

नव्या खोलीत सामान लावण्याआधी, भिंती रिकाम्या असतानाच, मीटरचा, नळाचा, दाराच्या कडीचा आणि छताच्या पत्र्याचा फोटो काढावा. पहिल्या महिन्याचे भाडे देताना नवी वही बरोबर न्यावी आणि पहिल्याच पानावर तारीख, रक्कम आणि डिपॉझिट लिहून सही मागावी. मालकाची ओळख नवी असते तेव्हा तो सही सहज देतो.